चालत्या ठेक्यात कोड बदलताना: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

मागच्या अंकात ‘लाइव्ह कोडिंग’ची, म्हणजे प्रेक्षकांसमोर संगणकाचा कोड लिहीत संगीत वाजवण्याच्या प्रकाराची, तोंडओळख करून दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एक सूचना आधीच: हा कोड प्रत्यक्षात रोमन अक्षरांतच टाइप करावा लागतो. इथे तो उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिला आहे.

प्रश्न: आधी सगळं रेकॉर्ड करून ठेवायचं आणि स्टेजवर नुसतं टाइप करण्याचं नाटक करायचं, असं कुणी केलं तर कळणार कसं? (वाचक, पुणे)

पडद्याकडे बघून कळतं. या मंडळींची ‘टॉपलॅप’ नावाची संघटना २००४ साली जर्मनीत हॅम्बुर्गला सुरू झाली. त्यांच्या जाहीरनाम्यातली सर्वांत गाजलेली मागणी एवढीच, की आम्हाला तुमचे स्क्रीन दाखवा. वादकाचा स्क्रीन प्रोजेक्टरवर असतो आणि त्याने ‘४’चा ‘८’ केला की ठेका दुप्पट झालेला सगळ्यांना ऐकू येतो. आकडा बदलूनही आवाज तसाच राहिला, तर पहिल्या रांगेतलं पोरसुद्धा ते पकडेल.

तयारी करून येणं मात्र गैर मानत नाहीत. बरेच जण दोनचार ओळी आधी लिहून आणतात. मेक्सिको सिटीत याहून कडक रिवाज रुजला: कोरा स्क्रीन, नऊ मिनिटं, जे काय करायचं ते तेवढ्यात. नाचण्यासाठीच्या कार्यक्रमांना ‘अल्गोरेव्ह’ म्हणतात. हा शब्द २०११च्या सुमारास इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक्स मॅकलिन आणि निक कॉलिन्स यांनी रूढ केला. तिथे कोरा स्क्रीन क्वचितच दिसतो, कारण नाचणारे लोक चार मिनिटं नुसता एक ढोल ऐकत उभे राहत नाहीत.

प्रश्न: माझ्याकडे जुना, चार जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. सुरुवात कशाने करू? संगीत शिकलेलो नाही, प्रोग्रामिंग थोडंफार येतं. (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली)

‘स्ट्रूडल’ने करा. ते ब्राउझरमध्येच चालतं, काही बसवावं लागत नाही. पान उघडायचं, एक ओळ लिहायची, कंट्रोल-एंटर दाबलं की वाजतं आणि कंट्रोल-पूर्णविरामाने थांबतं. पान उघडल्याबरोबर आवाज आला नाही तर लॅपटॉपला दोष देऊ नका. वापरणाऱ्याने एकदा क्लिक केल्याशिवाय ब्राउझर कुठल्याच पानाला आवाज सुरू करू देत नाही. जुन्या मशीनवर बाकीच्या टॅब बंद ठेवा, आणि घुमाऱ्याचा इफेक्ट, म्हणजे ‘रूम’, एका वेळी एकाच थरावर लावा. मशीन आधी तिथेच दमतं.

दुसरा पर्याय ‘सॉनिक पाय’. केंब्रिज विद्यापीठात सॅम अ‍ॅरन यांनी २०१२ साली हे शाळकरी मुलांसाठी लिहायला घेतलं, तेही रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर चालावं म्हणून. त्यामुळे तुमच्या लॅपटॉपला ते झेपेल. ऑल्ट-आरने चालू, ऑल्ट-एसने बंद. नोंदींच्या खिडकीत (लॉगमध्ये) ‘टायमिंग एरर, कान्ट कीप अप’ असा इशारा वारंवार दिसू लागला तर एकाच वेळी फार सूर आणि इफेक्ट चालू आहेत, असं समजा आणि इफेक्टपासून कमी करत या.

‘टायडल सायकल्स’ हे अ‍ॅलेक्स मॅकलिन यांचं साधन या क्षेत्रात फार वापरलं जातं. स्ट्रूडल हे त्याचंच २०२२ पासूनचं ब्राउझरमधलं रूप. टायडल बसवायला हॅस्केल ही प्रोग्रामिंगची भाषा, आवाज तयार करणारं सुपरकोलायडर, त्यातलं नमुने वाजवणारं सुपरडर्ट आणि एक एडिटर अशा चार गोष्टी एकमेकांशी जुळवाव्या लागतात आणि पहिली संध्याकाळ त्यातच जाते. स्ट्रूडलवर दोनेक महिने हात बसल्यावर तिकडे जा. लिहिण्याची पद्धत जवळपास तीच असल्याने शिकलेलं वाया जात नाही.

प्रश्न: मी तबला वाजवतो. या प्रकारात त्रिताल, झपताल धरता येतो का, की चार-चारचा विलायती ठोकाच चालतो? मुलाने दाखवलं त्यात ठेका धरला की काही वेळाने सम हलते. (तबलावादक, डोंबिवली)

येतो, आणि तुमची तालीम इथे प्रोग्रामरपेक्षा जास्त उपयोगी पडेल. सम का हलते, हे कळायला आधी एक फरक लक्षात घ्यावा लागतो.

सॉनिक पायमध्ये वेळ मात्रेमात्रेने मोजतात. बोल वाजवायचा, मग ‘स्लीप १’ लिहायचं, म्हणजे एक मात्रा थांबायचं. सोळा स्लीप झाले की त्रितालाचं आवर्तन. चुकून सतरावा स्लीप पडला तर आवर्तन सतरा मात्रांचं होतं, आणि शेजारी चाललेल्या सोळा मात्रांच्या लेहऱ्यापासून (साथीला फिरणाऱ्या सुरावटीपासून) सम दर आवर्तनाला एकेक मात्रा पुढे सरकते. मुलाच्या कोडमध्ये बहुधा हेच घडतंय. स्लीप मोजून बघा. अर्ध्या मात्रेचे बोल असतील तर ‘०.५’ची बेरीज जुळते का, तेही बघा.

टायडल आणि स्ट्रूडलमध्ये उलट आहे. तिथे आधी आवर्तन ठरतं आणि अवतरणचिन्हांत जेवढे शब्द लिहाल तेवढ्या समान मात्रा त्यात बसतात. १६० मात्रा प्रति मिनिट या लयीत त्रितालाचं आवर्तन सहा सेकंदांचं आणि मात्रा ०.३७५ सेकंदाची. सोळाऐवजी सतरा शब्द लिहिले तरी आवर्तन सहा सेकंदांचंच राहतं, मात्रा ०.३५३ सेकंदाची होते. सम हलत नाही, पण ठेका आतून पळायला लागतो. कानाला ‘लय चढली’ असं वाटलं की शब्द मोजायचे.

लय लावताना नवशिक्याचा गोंधळ होतो, कारण तिथे मात्रांची नव्हे, आवर्तनांची गती द्यावी लागते. स्ट्रूडलमध्ये ‘सेटसीपीएम’ म्हणजे मिनिटाला किती आवर्तनं. भागाकार करत बसू नका, कंसात सरळ ‘१६०/१६’ लिहा. झपतालाला ‘१६०/१०’, रूपकाला ‘१६०/७’. वर मात्रांची लय, खाली तालाच्या मात्रा. टायडलमध्ये हीच गती सेकंदाला मोजतात, म्हणून आणखी साठने भागायचं.

एका मात्रेत चार बोल बसवायचे तर ते चौकोनी कंसात घालायचे. कंसात ‘ति र कि ट’ लिहिलं की चारही एका मात्रेत येतात, बाहेरच्या मात्रा जागच्या जागी राहतात. कंसात कंसही चालतो. दुगुनीसाठी ‘फास्ट २’, ठायीसाठी ‘स्लो २’.

आता बोलांचे आवाज. सॉनिक पायमध्ये तबल्याचे नमुने आधीच दिलेले आहेत: ना, घे, के, ते, तुन, रे वगैरे. ‘धा’साठी ना आणि घे लागोपाठ लिहायचे आणि मध्ये स्लीप घालायचा नाही. दोन्ही एकाच क्षणी वाजतात. केरव्याच्या पहिल्या चार मात्रा, ‘धा गे ना ती’, अशा होतील:

लाइव्ह_लूप :केरवा, सिंक: :सम डू
  यूज_बीपीएम १६०
  सँपल :तबला_ना
  सँपल :तबला_घे१
  स्लीप १
  सँपल :तबला_घे१
  स्लीप १
  सँपल :तबला_ना
  स्लीप १
  सँपल :तबला_तुन१
  स्लीप १

पुढच्या ‘न क धिं ना’ला अनुक्रमे ना, के, तुन आणि घे एकत्र, ना. शेवटी ‘एंड’. ‘ती’साठी तुन ही तडजोड आहे, तुमच्या कानाला ती खटकेल. स्वतःच्या तबल्याचे दहाबारा बोल मोबाइलऐवजी बऱ्या माइकने ध्वनिमुद्रित करून वेव्ह फाइल म्हणून घातलेत तर उत्तम. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीची शांतता कापा. तिथे वीस मिलिसेकंद जरी मोकळे राहिले, तरी तो बोल दरवेळी मागे पडल्यासारखा वाटतो आणि दोष मात्र कोडला दिला जातो.

यूज_बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती मात्रा, लूपच्या आत लिहिलंय, ते मुद्दाम. बाहेर, वरच्या ओळीत लिहिलं आणि चालू कार्यक्रमात आकडा बदलला, तर आधीपासून फिरणारे लूप जुन्याच लयीत राहतात. ‘सिंक: :सम’साठी ‘सम’ नावाचा वेगळा लूप हवा आणि त्यात फक्त लय आणि ‘स्लीप ८’ असला तरी पुरे. बाकीचे लूप त्याची वाट बघून सुरू होतात, म्हणून पहिल्या वेळी एक आवर्तन शांतता राहिली तर घाबरू नका.

एक गोष्ट या नमुन्यांना आपोआप जमत नाही. ‘क’ वाजला की डग्ग्याचा घुमारा थांबायला हवा. संगणकात मात्र घेचा नाद आपल्या गतीने विरत राहतो आणि द्रुत लयीत सगळा चिखल होतो. टायडल-स्ट्रूडलमध्ये डग्ग्याच्या बोलांना ‘कट १’ लावा, म्हणजे नवा बोल आला की त्या गटातला आधीचा तुटतो. सॉनिक पायमध्ये घेला ‘फिनिश: ०.५’ देऊन नाद आखूड करा. तुटताना टिक्‌ असा आवाज आला तर जोडीला ‘रिलीज: ०.०५’ द्या.

रूपकाबद्दल थोडं. या साधनांत ‘बीडी’, म्हणजे मोठ्या ढोलापुढे, कंसात ‘३,८’ लिहिलं की आठ मात्रांत तीन ठोके शक्य तितके समान अंतरावर पडतात: पहिली, चौथी, सातवी मात्रा. याला युक्लिडचे ठेके म्हणतात. कॅनडातले संगणकशास्त्रज्ञ गॉडफ्रीड टूसाँ यांनी २००५ मध्ये दाखवलं, की युक्लिडच्या मसावि काढण्याच्या रीतीतून जगभरचे कितीतरी ठेके निघतात. ‘३,७’ने मात्र २-२-३ असे खंड मिळतात, आणि रूपक आहे ३-२-२. तिसरा आकडा देऊन ठेका फिरवता येतो. तिथे ३ किंवा ४ घालून बघा, दोहोंपैकी एकाने खंड जागेवर बसतात. खाली आणि भरी कुठली, हे कुठलंही गणित सांगत नाही. ते बोल निवडतानाच ठरवावं लागतं.

प्रश्न: सॉफ्टवेअरमध्ये ‘मारवा’, ‘तोडी’, ‘भैरव’ अशी नावं दिसली. म्हणजे राग तयार मिळतात का? पेटी वाजवते, पट्टी काळी एक. (वाचक, रत्नागिरी)

मिळतात ते थाट, म्हणजे नुसत्या सात सुरांच्या चौकटी, राग नव्हेत. टायडलच्या यादीतला ‘मारवा’ आकड्यांत असा आहे: ०, १, ४, ६, ७, ९, ११. म्हणजे सा, कोमल रे, ग, तीव्र म, प, ध, नि. त्यात पंचम आहे. मारवा रागात पंचम वर्ज्य, हे पेटी वाजवणाऱ्याला सांगायला नको. नाव बघून कुणी या सप्तकातले सूर यदृच्छया वाजवले तर तासाभराने त्याला ‘मारवा झाला’ असं वाटेल, ऐकणाऱ्याला नाही.

उपाय सोपा आहे. इथे स्वरांना त्यांच्या क्रमाने आकडे असतात आणि मोजणी शून्यापासून: सा ०, रे १, ग २, म ३, प ४, ध ५, नि ६. मारव्यासाठी ४ लिहायचाच नाही. मंद्र नि म्हणजे उणे एक. मग ‘-१ १ २ ३ ५’ असं लिहिलं की ‘नि रे ग म ध’ येतं, सा टाळून. मारव्याचा सूर तिथून लागतो. भीमपलासासारख्या रागात आरोहात रे, ध नाहीत आणि अवरोहात आहेत. तिथे चढती आणि उतरती अशा दोन वेगळ्या ओळी लिहून आलटून पालटून वाजवा. एका यादीतून यादृच्छिक निवड केली की चलन मोडणारच.

पट्टीचं गणित: मधली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक ६१, काळी दोन ६३, पांढरी चार ६५. तुमचा सा ६१. या आकड्यांत दशांश चालतात, आणि पेटीपेक्षा संगणक इथेच पुढे जातो. पेटीचा शुद्ध गांधार सापासून चार पायऱ्यांवर असतो. तंबोऱ्यात ऐकू येणारा गांधार ५:४ या प्रमाणाचा, म्हणजे ३.८६ पायऱ्यांवर. सॉनिक पायमध्ये ‘प्ले ६५’ऐवजी ‘प्ले ६४.८६’ लिहा आणि खाली सा धरून दोन्ही ऐका. पंचमात फरक किरकोळ, ७ऐवजी ७.०२.

तंबोऱ्यासाठी मंद्र पंचम ५६.०२, जोड ६१ आणि ६१, खरज ४९. पुरुषाच्या आवाजासाठी सगळ्यांतून बारा वजा. ‘प्लक’ या आवाजाने तार छेडल्यासारखं वाटतं, पण जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, येत नाही. शक्य असेल तर खऱ्या तंबोऱ्याचं एक आवर्तन ध्वनिमुद्रित करून तेच फिरवावं.

मींडही निघते. सूर सुरू करताना त्याला ‘नोट_स्लाइड: १’ आणि लांब ‘रिलीज’ द्यायचा, सूर एका नावात साठवायचा आणि पुढच्या ओळीत ‘कंट्रोल’ने त्याच सुराला नवा आकडा द्यायचा. तो एका मात्रेत सरकत जातो. स्लाइडचा आकडा सुरुवातीलाच द्यायला विसरलात तर सूर सरकत नाही, उडी मारतो.

प्रश्न: प्रेक्षकांसमोर टाइप करताना चूक झाली तर सगळं बंद पडतं का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, मडगाव)

बहुतेक वेळा नाही. कंस किंवा अवतरणचिन्ह राहिलं तर नवा कोड स्वीकारलाच जात नाही, जुना वाजत राहतो. तुम्ही शांतपणे दुरुस्त करा. प्रेक्षकांना लाल ओळ दिसते, पण ठेका तुटत नाही, आणि त्यांना ती गंमतच वाटते.

जरा गंभीर प्रकार सॉनिक पायमध्ये होतो. लिहिणं बरोबर असतं, पण लूप चालताना आत कुठेतरी अडतं, उदाहरणार्थ नसलेलं नाव वापरलं. तेवढाच लूप मरतो, बाकीचे चालू राहतात. दुरुस्त करून परत चालवला की तो ज्या क्षणी कळ दाबली त्या क्षणापासून सुरू होतो, समेवर नाही. प्रत्येक लूपला ‘सिंक’ लावायचं ते याचसाठी. स्लीप किंवा सिंक नसलेला लूप मात्र सॉनिक पाय चालवतच नाही, ‘डिड नॉट स्लीप’ म्हणून थांबवतो.

याहून जास्त लोक फसतात ते ओळ पुसल्यावर. सॉनिक पाय आणि टायडलमध्ये कोड पुसला म्हणून आवाज थांबत नाही. स्क्रीनवर काहीच नाही आणि ढोल वाजतोच आहे, अशी पंचाईत होते. सॉनिक पायमध्ये लूपच्या आत ‘स्टॉप’ लिहून चालवायचं आणि मगच पुसायचं. टायडलमध्ये त्या थराला ‘सायलेन्स’ द्यायचं, सगळं थांबवायला ‘हश’. स्ट्रूडल दरवेळी अख्खं पान नव्याने वाचतं, त्यामुळे तिथे पुसलं की थांबतं. तिथे एकच थर तात्पुरता गप्प करायचा तर ओळीच्या आरंभीच्या डॉलरच्या खुणेआधी एक अधोरेखा घालतात.

बदल कधी लागू होतो, त्यातही फरक आहे. सॉनिक पाय चालू फेरी संपवून पुढच्या फेरीपासून नवा कोड घेतो. टायडल-स्ट्रूडल लगेच घेतात, आवर्तनाच्या मध्ये असलात तरी. म्हणून तिथे कळ दाबताना हात समेवर पडायला हवा. हे वाचून येत नाही.

प्रश्न: कॉलेजच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. साउंडवाला म्हणतो ‘पिन द्या, बाकी मी बघतो’. आम्ही काय बघायचं? (विद्यार्थी मंडळ, नाशिक)

पिनच बघायची. लॅपटॉपच्या साडेतीन मिलिमीटरच्या छिद्रातून डावा आणि उजवा असे दोन आवाज बाहेर पडतात. ते एका बाजूला छोटी पिन आणि दुसऱ्या बाजूला माइकची तीन टोकांची एकच पिन असलेल्या केबलने मिक्सरला दिले, तर मिक्सर त्यातला एक दुसऱ्यातून वजा करतो. दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं, म्हणजे नेमका ढोल आणि खर्ज, नाहीसं होतं. उरतो नुसता घुमारा. ‘आवाज लांबून येतोय, बेस नाही’ अशी तक्रार आली की आधी ही केबल बदला. हवी ती केबल: एक छोटी स्टिरिओ पिन, दुसऱ्या टोकाला दोन मोठ्या मोनो पिना, दोन वेगळ्या चॅनेलमध्ये.

साउंडवाल्याने दोनपैकी एकच पिन लावली तर दुसरा धोका. ‘जक्स’सारखी क्रिया मूळ चाल डावीकडे आणि बदललेली उजवीकडे पाठवते. एकच बाजू घेतली तर अर्धी रचना हॉलला ऐकूच जात नाही. कार्यक्रमाआधी एक आवाज फक्त डावीकडे आणि एक फक्त उजवीकडे वाजवून बघा. हॉलचे स्पीकर मोनो असतील तर ही क्रिया सोडून द्या.

घरघर येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढा. घरघर थांबली तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा: लॅपटॉप एका बोर्डवरून आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डवरून वीज घेतोय. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. तरीही राहिली तर मध्ये डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायची छोटी डबी) लावून त्यावरचं ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण दाबा. चार्जरच्या पिनेतली अर्थची मोठी दांडी तोडण्याचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका, त्यात शॉक बसतो. काहीच जमलं नाही तर पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवर वीस मिनिटांचा कार्यक्रम सहज होतो.

यूएसबी ऑडिओ इंटरफेस असेल तर बफर, म्हणजे बाहेर सोडण्याआधी संगणक साठवून धरतो तो आवाजाचा तुकडा, फार कमी ठेवायचा हट्ट नको. ४८ किलोहर्ट्‌झला २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे साधारण ५ मिलिसेकंद उशीर, १०२४चा म्हणजे २१. कीबोर्ड वाजवणाऱ्याला २१ जाणवतील. इथे तुम्ही कळ दाबता ती नुसता कोड पाठवायला, आणि ठोके संगणक स्वतःच्या घड्याळावर टाकतो. १०२४ ठेवा, आवाज फुटण्याचा धोका कमी. गायकाचा माइक लॅपटॉपमधून जाणार असेल तरच बफर खाली आणा. ब्लूटूथ स्पीकर किंवा हेडफोन मात्र अजिबात नको.

टायडल वापरत असाल तर ‘गेन’ जपून. ते सरळ प्रमाणात वाढत नाही, चौथ्या घातात वाढतं. १चा १.२ केला की आवाज दुपटीच्या थोडा वर जातो. साउंडवाल्याला तुमचा सर्वांत जोराचा भाग आधी ऐकवून पातळी लावून घ्या आणि मग हलक्या भागाने सुरुवात करा.

आता प्रोजेक्टर. एचडीएमआयची केबल लावली की संगणक बऱ्याचदा आवाजही तिकडेच पाठवतो आणि स्पीकर गप्प होतात. म्हणून क्रम असा: आधी प्रोजेक्टर जोडा, मग आवाजाचं आउटपुट हाताने निवडा, मग सॉफ्टवेअर सुरू करा. सुपरकोलायडर सुरू होतानाच उपकरण पकडतं. नंतर आउटपुट बदललं तर सर्व्हर परत चालू करावा लागतो. मॅकवर ‘सँपल रेट जुळत नाही’ असा दोष आला तर माइक आणि स्पीकर या दोन्हींना सारखाच दर द्या, ४४.१ किंवा ४८.

अक्षरं काळ्यावर पांढरी, आणि इतकी मोठी की शेवटच्या रांगेतून एक ओळ वाचता यावी. एका वेळी पडद्यावर बाराच ओळी मावल्या तरी हरकत नाही. सूचना बंद, व्हॉट्सअ‍ॅपची खिडकी बंद, अपडेट पुढे ढकललेलं, स्क्रीन झोपण्याची वेळ ‘कधीच नाही’. घरच्यांचा ‘जेवायला कधी येतोस’ हा निरोप दोनशे लोकांनी वाचावा असं वाटत नसेल तर वायफायही बंद. स्ट्रूडल वापरणाऱ्यांनी मात्र लागणारे सगळे आवाज आधी एकदा वाजवून ठेवावेत. ते नेटवरून उतरतात, आणि न उतरलेला आवाज ऐन वेळी गप्प राहतो.

प्रश्न: या साधनांच्या मुळाशी आपला तबला आहे, असं कुणी म्हणालं. खरं की अभिमानाची गोष्ट? (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

मुळाशी म्हणणं जास्त होईल. पण एक धागा खरा आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जिम किपेन हे संगीत-अभ्यासक लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. त्यांच्याबरोबर फ्रेंच संशोधक बर्नार्ड बेल यांनी ‘बोल प्रोसेसर’ नावाची प्रणाली लिहिली. ‘कायदा’ या तबल्यातल्या रचनाप्रकाराचे नियम व्याकरणासारखे संगणकाला द्यायचे, संगणकाने नवे पलटे काढायचे, उस्तादांनी ‘हे चालेल, हे नाही’ सांगायचं आणि नियम दुरुस्त करायचे. या प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीतली बोल लिहिण्याची रीत टायडलच्या अवतरणचिन्हांतल्या लिखाणाला प्रेरणा ठरली, असं मॅकलिन यांनी स्वतः नोंदवलं आहे. चौकोनी कंसात ‘तिरकिट’ इतक्या सहज बसतो त्यात म्हणूनच फार नवल नाही.

हेच बर्नार्ड बेल पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पोतवँ यांच्यासोबत जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहावर काम करत होते. खेडोपाडी फिरून गोळा केलेल्या लाखभर ओव्या संगणकात नीट लावण्यात त्यांचा हात आहे. लाइव्ह कोडिंगशी त्याचा थेट संबंध नाही, पण मराठी वाचकाला हे ठाऊक असावं म्हणून सांगितलं.

प्रश्न: यात वाजवलेलं रेकॉर्ड करून विकता येतं का? (वाचक, ठाणे)

येतं. साधनं मुक्त आहेत, रचना तुमची. प्रश्न फक्त ध्वनिनमुन्यांचा. सॉनिक पायमधले नमुने कुठल्याही वापरासाठी मोकळे आहेत. टायडलसोबत येणाऱ्या नमुन्यांच्या साठ्यात प्रत्येक फाइल कुठून आली ते तितकं स्पष्ट नाही. विकायचं असेल तर स्वतः ध्वनिमुद्रित केलेले आवाज वापरा.

प्रश्न: रोज सराव कसा करावा? घरी छान जमतं, चारचौघांत हात थांबतो. (विद्यार्थिनी, सोलापूर)

मोबाइलवर नऊ मिनिटांचा गजर लावा आणि कोऱ्या पानापासून सुरू करा. पहिल्या अर्ध्या मिनिटात काहीतरी वाजलंच पाहिजे, एक ठोका असला तरी. त्यानंतर एका वेळी एकच बदल करा आणि तो बदललेला ठेका दोन आवर्तनं ऐकल्याशिवाय पुढे काही टाइप करू नका. हात थांबतो तो बहुधा एकदम पाच ओळींचा मोठा बदल डोक्यात धरल्यामुळे. शेवटच्या दोन मिनिटांत फक्त कमी करत यायचं. नव्या लोकांना शेवट जमत नाही, त्यांचा कार्यक्रम नुसता बंद पडतो. चार थर असतील तर खर्ज शेवटपर्यंत ठेवा, बाकीचे एकेक आवर्तनाने काढा.

आठवड्यातून एकदा घरच्या कुणाला तरी मागे बसवा आणि सांगा, की मध्येच कुठलाही एक आकडा बदलून टाक. काय बदललं ते स्क्रीन न बघता, कानाने ओळखायचं आणि ठेका न थांबवता त्याला सामावून घ्यायचं.